उर्सुला, उर्मिला न्हवं

पर्सनल लोन हवं का म्हणून विचारणाऱ्या पोरींचे फोन तुम्हालाही येत असतील आणि तुम्ही ते कापत असाल. आमच्या कोल्हापुरातल्या अपार्टमेंटमध्ये आम्ही ते कापत नाही. तळमजल्यावर जातो आणि फोन अक्काच्या हातात देतो.

"हॅलो मॅडम, आमच्या बँकेतर्फे आपल्याला एक खास ऑफर..."

"नाव काय बाळ तुझं?"

"मॅडम, मी प्रियांका बोलतेय."

"छान हाय. अर्थ हाय त्याला. बरं, तुझ्या हापिसात कुणी उर्सुला हाय काय?"

"कोण, मॅडम?"

"उर्सुला. लिहून घे. उखळातला उ, सला उकार, त्याच्या डोक्यावर रफार, मग ला. लॅटिन नाव हाय."

इथून पुढं ऑफर अक्काची असते. लॅटिन म्हणजे काय, तिथं अस्वलाला काय म्हणतात, युरोपातल्या पोरींना हे नाव कुणामुळं पडायला लागलं, ते कधी मागं पडलं, हे सगळं त्या पोरीला ऐकावं लागतं. बहुतेक वेळा फोन तिकडूनच कापला जातो. एकदा मात्र एका पोरीनं थोड्या वेळानं स्वतःहून परत फोन केला. "आंटी, मी सगळ्या फ्लोअरवर विचारलं. उर्सुला नाही, पण एक अर्सलान आहे."

"चालणार न्हाय," अक्का म्हणाली. "पण शोधलंस, देव तुझं भलं करो."

आता अक्काची नीट ओळख करून देतो. पूर्ण नाव उर्सुला शामराव काळे. एका मोठ्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात जन्मभर नर्स होती. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर आमच्या खालचा फ्लॅट घेतला. रविवारी सकाळी इस्त्रीची पांढरी साडी नेसून चर्चला जाते आणि येताना महाद्वार रोडवरनं भाजी आणते. हातात आलेली कुठलीही वस्तू उकळल्याशिवाय वापरत नाही. एकदा मी तिला स्टीलचा चमचा भेट दिला, तर तोही उकळून काढला आणि म्हणाली, "आता भेट झाली." गंमत अशी की आपल्या नावाचा एवढा अभिमान असलेल्या या बाईला त्या नावानं कुणीच हाक मारत नाही. आम्ही सगळे अक्का म्हणतो, माझी आई सिस्टर म्हणते, आणि सरकार उर्मिला म्हणतं.

सरकारचं नंतर सांगतो. आधी नाव कसं पडलं ते.

अक्काचा बाप गारगोटीत कंपाउंडर होता. आईचं बाळंतपण अडलं तेव्हा कुणाच्या तरी गाडीत घालून तिला कोल्हापूरला आणलं. एका परदेशी डॉक्टरीणबाईनं आई आणि पोर दोघींना वाचवलं. बापानं हात जोडून विचारलं, "बाईसाहेब, तुमचं नाव काय?" बाईंनी सांगितलं, उर्सुला. बापानं तेच पोरीला ठेवलं. आडनाव विचारायचं सुचलं नाही म्हणून काळे वाचले.

शाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

"उर्सुला."

"उरसाला? कुठल्या उरसाला? गप खाली बस, आज शाळा हाय."

झालं! गावचा उरूस वर्षातून एकदाच यायचा, पण अक्काच्या वर्गात तो रोज भरायचा. पोरं तोंडानं पिपाण्या वाजवत तिच्या मागनं घरापर्यंत यायची. दुसरी एखादी असती तर बापापुढं रडली असती आणि शाळेत सुमन नाहीतर मंगल लावून घेतलं असतं. अक्का रडली नाही. तिनं या नावाचा अर्थ शोधायचं ठरवलं.

"लॅटिनमध्ये उर्सा म्हंजे अस्वलाची मादी," ती सांगते. "आणि उर्सुला म्हंजे लहानगी, लाडकी. आपण घराचं घरकुल करतो की न्हाय? तसं."

"म्हंजे अस्वलाचं पिल्लू," माझी आई म्हणते.

माझी आई ऐंशीच्या घरातली, जन्म रेंदाळचा, तोंड कुणाच्या बापाला न भिणारं. ती आणि अक्का रोज दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून शेंगा फोडतात आणि एकमेकींचं ऐकून घेत नाहीत.

"पिल्लू म्हणा की मावशी. लाज कसली त्यात? अर्थ हाय त्याला."

"आमच्या लहानपणी दरवेशी आणायचा अस्वल. त्याचा केस उपटून ताइतात घालायचा आणि भ्यालेल्या पोरांच्या गळ्यात बांधायचा."

"बघा! भ्या घालवायला अस्वलच लागतं."

कुठल्याशा संस्कृतच्या सरांना गाठून अक्कानं आणखी एक शोध लावलाय. लॅटिन उर्सा आणि आपला संस्कृतातला ऋक्ष, म्हणजेही अस्वल, हे दोन शब्द एकाच घराण्यातले, लांबचे भाऊबहीण. तेव्हापासून तिला नाव परकं आहे असं म्हणून बघावं. "रामायणातला जांबवंत कोण? अस्वल. त्याची लेक जांबवती कुणाला दिली? श्रीकृष्णाला. देवाला अस्वलाची लेक चालली, तुम्हाला नुसतं नाव चालत न्हाय!"

मग संत उर्सुलेची गोष्ट येते. ही कोणे एके काळची राजकन्या. लग्न ठरलेलं असताना अकरा हजार कुमारिकांना घेऊन यात्रेला निघाली आणि वाटेत हूणांनी सगळ्यांची कत्तल केली. ही गोष्ट अक्का डोळ्यांत पाणी आणून सांगते आणि लगेच पदरानं डोळे पुसून म्हणते, "पण जाणती माणसं म्हणत्यात, अकराच पोरी होत्या. जुनं लिहिलेलं वाचताना कुणीतरी चुकलं आणि अकराच्या अकरा हजार झाल्या."

"रेशन कार्डावर असंच होतं," मी म्हणालो.

"तिकडं वाढत्यात. आपल्याकडं कमी होत्यात," अक्का म्हणाली.

आणि शेवटी नावाची चलती. ही तर तिला पाठ. त्या संतिणीमुळं जर्मनीकडं एके काळी गल्लीगल्लीत उर्सुला होत्या. आता त्या सगळ्या आज्ज्या झाल्यात. "आपल्याकडं शालन, कमल, सुशीला कशा, तशी ती तिकडची नावं झाली. आता नव्या पोरीला कुणी ठेवत न्हाय." हे सांगताना तिला वाईट वाटायला हवं, असं मला वाटायचं. पण का कोण जाणे, ती जरा खुशीतच असायची.

माझा धंदा फ्लेक्स छापायचा. वाढदिवस, नेमणूक, श्रद्धांजली आणि बारसं. त्यामुळं नावांच्या फॅशनची हवा मला आधी लागते. एके काळी माझ्या दुकानात सगळ्या पूजा आणि अमृता यायच्या, मग सानिका आणि वैष्णवी आल्या. आता अशी नावं येतात की ऑपरेटर मला विचारतो, हे मुलाचं का मुलीचं? आणि प्रत्येक बाप मोबाईल पुढं करून सांगतो, "युनिक हाय. संस्कृतमध्ये याचा अर्थ सूर्याचं पहिलं किरण." सूर्याला इतकी पहिली किरणं आहेत हे मला फ्लेक्सच्या धंद्यात आल्यावर कळलं.

अक्काच्या निवृत्तीचा फ्लेक्सही माझ्याच दुकानात छापला. वॉर्डातल्या पोरींनी हौसेनं ऑर्डर दिली. चिठ्ठीवर उर्सुला बघून माझ्या ऑपरेटरला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली. त्यानं ती मोठ्या मनानं दुरुस्त केली. दवाखान्याच्या फाटकावर 'उर्मिला सिस्टर यांना सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा' झळकलं. संध्याकाळी अक्का हार गळ्यात तसाच ठेवून दुकानात आली.

"ही उर्मिला कोण?"

ऑपरेटर चाचरला. "अक्का, ते..."

"मी सांगते कोण. लक्ष्मणाची बायको. ती चौदा वर्षं घरात बसून राहिली. मी जन्मभर ड्यूटी केली. आमचा दोघींचा काय संबंध?"

मी फ्लेक्स परत छापून दिला. कार्यक्रम संपला होता, तरी दिला. तो अजून तिच्या माळ्यावर आहे. आधार कार्डाचं मात्र जमलं नाही. तिथं ती उर्मिलाच आहे. दुरुस्तीला गेली की उर्सिला होते, परत गेली की उर्मिला. शेवटी म्हणाली, "मरू दे. सरकारला काय माझ्या नावाचं बारसं जेवायचंय?"

बारसं मात्र ती एक सोडत नसे. आमंत्रण असो नसो, स्वतः शिवलेलं मऊ झबलं घेऊन हजर. मग बाळंतिणीच्या कॉटवर बसायची, बाळाची टाळू बघायची, बेंबी बघायची आणि आपल्या नावाचं सगळं पुराण सांगायला घ्यायची. त्यामुळं झालं काय, की उर्सुला अक्का आपलं नाव पोरींना ठेवा म्हणून मागं लागते, अशी साऱ्या गल्लीत बोंब झाली. ती फाटकातनं आत येताना दिसली की सासवा आधीच सांगून टाकायच्या, "आमचं राशीवरनं म आलंय हं अक्का." एकीनं तर पोटातलं पोर मुलगाच आहे असं नवस बोलल्यासारखं सांगितलं. तिला जुळ्या मुली झाल्या. दोघींची नावं पाळण्यात घालायच्या आधीच दारावर चिकटवली होती.

परदेशी जाणाऱ्यांचंही तेच. वरच्या मजल्यावरचा पोरगा शिकायला जर्मनीला निघाला तेव्हा अक्कानं त्याला कांदा-लसणाची चटणी दिली आणि बजावलं, "तिकडं कुणी उर्सुला भेटली तर मला कळव. पण वय विचारून घे. म्हातारी असली तर राहू दे."

पोरगा माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. माणसाला एखादं वेड असतं. कुणी तिकिटं गोळा करतो, कुणी कबुतरं पाळतो. आमची अक्का स्वतःचं नाव गोळा करते, असं मी धरून चाललो होतो.

या वर्षी माझी लेक प्राजक्ता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर इचलकरंजीजवळ कबनूरला, घरचे यंत्रमाग. जावई शीतल. आमच्या जैनांत शीतल हे बाप्याचं नाव असतं, दहाव्या तीर्थंकरांवरून आलेलं. पण हे बाहेरच्यांना कुठं ठाऊक? पुण्याला नोकरीला होता तेव्हा कुरिअरवाला त्याच्याच हातात पाकीट देऊन विचारायचा, "मॅडम घरात आहेत का?" त्यामुळं नावापायी भोगलेल्या माणसांबद्दल त्याला आतून कळवळा होता.

प्राजक्ताला सकाळी कळा सुरू झाल्या. माझी बायको देवापुढं बसली, मी गाडीची किल्ली हातात घेऊन गाडीची किल्ली शोधायला लागलो, आणि अक्का साडीचा पदर खोचून वर आली. "सावकाश. बाळाला घड्याळ कळत न्हाय." दवाखान्यात ती दिवसभर लेकीजवळ बसून होती. तिथल्या नव्या नर्सनं बाहेर जायला सांगितलं, तर तिथल्या जुन्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "यांना राहू दे. मला टाके घालायला यांनी शिकवलंय." प्राजक्ता नंतर सांगत होती, की दुखणं फार वाढलं तेव्हा तिनं अक्काचा हात इतका दाबला की बांगडी वाकली. अक्का एवढंच म्हणत होती, "दाब, दाब. हात काय, दुसरा हाय अजून."

संध्याकाळी मुलगी झाली. पहिल्यांदा अक्कानंच दुपट्यात घेऊन ती बाहेर आणली आणि माझ्या आईच्या हातात दिली. तेव्हा तिनं नावाचं अक्षर काढलं नाही. आम्हाला वाटलं, दमली असेल.

बारसं रविवारी आमच्याच घरी ठरलं. आईनं त्रिशला हे नाव काढलं होतं, महावीरांच्या आईचं. ते सगळ्यांना चांगलं वाटत होतं आणि म्हणूनच कुणाला पसंत नव्हतं. शुक्रवारी दुपारी शीतल कबनूरहून आला, खोलीत दोघांची खलबतं झाली आणि प्राजक्तानं अक्काला वर बोलावून घेतलं. आम्ही सगळे बसलो होतो. बाळ माझ्या आईच्या मांडीवर होतं.

"अक्का," प्राजक्ता म्हणाली, "आम्ही नाव ठरवलंय. उर्सुला."

आईच्या हातातलं बाळ हललं, कारण आईच हलली. "अगं ए! पोरगीला अस्वल म्हणणार काय?"

"आज्जी, लाडकी अस्वल," शीतल म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "आणि मामा, आख्ख्या इचलकरंजीत हुडकून एक सापडणार न्हाय! खरंखुरं युनिक!"

मी अक्काकडं बघितलं. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर बाळाला उचलून नाचणार. जन्मभराची तिची खटपट एकदाची फळाला आली होती. अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नगं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नगं ठेवू ते. काय नाव हाय ते? पोरं उरूस-उरूस करून जीव नकोसा करतील. आधार कार्डावर धड येणार न्हाय. आणि मावशी म्हणत्यात ते खरं हाय, शेवटी अस्वल ते अस्वल. केसाळ."

"अक्का, पण तूच तर म्हणायचीस..."

"म्हणायला काय जातंय? त्रिशला ठेवा. चांगलं हाय. अर्थ हाय त्याला." एवढं बोलून ती उठली. बाळाच्या गालाला बोट लावलं आणि खाली निघून गेली.

सगळ्यांत जास्त गोंधळली ती माझी आई. तिनं इतकी वर्षं या नावाविरुद्ध जे जे म्हटलं, ते सगळं समोरच्या पार्टीनंच मान्य करून टाकलं होतं. "हिला काय झालं?" ती म्हणाली. "भांडली का न्हाय?"

शनिवारी सकाळी मी खाली गेलो. कारण धंद्याचं होतं. "अक्का, फ्लेक्स छापायचाय. काय छापू ते एकदा शेवटचं सांग. प्राजक्ता रुसून बसलीय. म्हणते, अक्काला आमचं नाव ठेवणं आवडलं नाही."

अक्कानं चहा ठेवला. कप उकळत्या पाण्यातनं काढले, पुसले, परत पुसले.

"श्रेणिक, मी कधी कुणाला म्हटलंय काय, की हे नाव ठेवा?"

मी म्हणणार होतो, कितीदा तरी. मग आठवून बघितलं. अर्थ सांगितला होता. संतीण सांगितली होती. जांबवंत, जर्मनी, अकरा हजार पोरी, सगळं सांगितलं होतं. पण ठेवा असं म्हटल्याचं एकदाही आठवेना.

"मग एवढं सांगत कशाला होतीस?"

"ध्यानात राहावं म्हणून. नुसतं नाव सांगितलं तर माणूस उंबऱ्यापर्यंत विसरतंय. अस्वल सांगितलं की हसतंय, आणि हसलं की विसरत न्हाय. पुढं कुठं कानावर पडलं, की आठवण काढून मला येऊन सांगंल."

"काय सांगंल?"

तिनं चहा गाळला. माझ्यापुढं ठेवला. स्वतःचा तसाच राहू दिला.

"मी तिशीत होते तेव्हाची गोष्ट. एक बाई रात्रपाळीला बाळंत झाली आणि सकाळी कॉट मोकळी. पोरगी तेवढी मागं. लई बारकी होती, तळहातावर मावंल एवढी. वाचंल असं कुणाला वाटलं न्हाय. मी कापसात गुंडाळून ठेवली, थेंबाथेंबानं दूध पाजलं. वाचली. मग पुष्कळ दिवस वॉर्डातच होती. माझी ड्यूटी संपली तरी मी घरी जायचे न्हाय. पायाचा आवाज वळखायची माझ्या."

"तू ठेवून का नाही घेतलीस?"

"मागितली की. बिनलग्नाची नर्स, तिला कोण देतंय तेव्हा पोर? आणि दाजी, म्हंजे आमचे वडील, म्हणाले, लोक म्हणतील तुझीच हाय. मी म्हटलं, म्हणू देत. पण दाजींच्यापुढं माझं चाललं न्हाय." तिनं गाळणी धुऊन ठेवली. "मग पुण्याच्या एका संस्थेतनं बाई आल्या न्यायला. चांगल्या होत्या. दुपट्यात घेतली आणि मला विचारलं, हिचं नाव काय? वॉर्डात सगळी तिला बारकी म्हणायची. नाव असं कुणी ठेवलंच नव्हतं. मग मी माझं सांगितलं. माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय होतं?"

बाहेर रस्त्यावर भाजीवाली ओरडत गेली. अक्कानं तिला खिडकीतूनच हातानं नको म्हणून सांगितलं.

"पुढं एकदा गेलते पुण्याला. पोरगी बाहेर गेली म्हणाले. देशाबाहेर, दत्तक. कुठल्या देशात ते सांगता येत न्हाय म्हणाले. नियम असतोय तसा, त्यांचं चुकलं न्हाय. आता पस्तिशीची झाली असंल."

मला जर्मनीला गेलेला वरचा पोरगा आठवला, आणि आम्ही दोघं हसलो होतो ते.

"म्हणून ती आज्ज्यांची झालेली नावं ऐकून मला बरं वाटायचं," अक्का म्हणाली. "त्या वयाच्या उर्सुला कमीच असतील. एखादी निघाली तर तीच असंल, असं मला म्हणता यायला पायजे. आता तुम्ही इथं ठेवाल, उद्या तुमचं बघून दुसरी ठेवंल. तुमच्या धंद्यात बघतोस की, एकीनं काढलं की शंभर काढत्यात. मग कुणी मला येऊन सांगितलं, अक्का, एक उर्सुला भेटली, तर मी कशी धावू? म्हणतील, कबनूरची असंल."

मला जे विचारायचं नव्हतं ते तोंडात येऊन थांबलं होतं. तिला ते दिसलं.

"नाव बदललं असंल म्हणतोस ना? बदललं असंल. न कळायला मी काय खुळी हाय? नव्या आईबापांनी आपल्या आवडीचं ठेवलंच असणार, ठेवावंच. पण बदललं असंल असं धरून बसले, तर मग दिवसभर करू काय? शेंगा किती फोडायच्या?"

चहावर साय धरली होती. मी तसाच प्यायलो.

वर येऊन मी बायकोला आणि आईला सांगितलं. प्राजक्तालाही कळलं, ती कूस बदलून बाळाला घट्ट धरून निजली. आईनं हातातली शेंग न फोडताच परत टोपलीत टाकली. माझ्या आठवणीत असा हा पहिलाच प्रसंग.

रविवारी त्रिशला पाळण्यात पडली. शीतलच्या बहिणीनं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, पेढे झाले. अक्का झबलं घेऊन आली, पण आज आत न येता दाराजवळच उभी राहिली. आईनं आपल्या शेजारचं विहिणीकडचं माणूस बाजूला सरकवलं आणि मोठ्यानं हाक मारली, "ए उर्मु... उरसा... मेलं ते काय नाव! ये, हितं बस माझ्याजवळ." अक्का जाऊन बसली. कबनूरच्या पाहुण्यांनी विचारलं, ह्या कोण? आई म्हणाली, "आमच्यातल्याच." मग अक्कानं पाहुण्यांतल्या एका तरण्या पोरीला जवळ घेतलं आणि विचारलं, "लॅटिन ठाऊक हाय काय बाळ तुला?" गोष्ट परत पहिल्यापासून सुरू झाली. या वेळी आईनं मधे तोंड घातलं नाही. उलट अकरा हजार पोरी आल्या तेव्हा चक्क हळहळली.

त्यानंतर काही आठवड्यांनी आई म्हणाली, "मला चपला घ्यायच्यात, चल." मी तिला स्कूटरवर बसवून चप्पल लाइनला नेलं. दुकानांच्या रांगेत रविवारची गर्दी होती, बाहेरगावचे पाहुणे, फोटो काढणारी पोरं. एका दुकानात एक बाई स्टुलावर बसून चप्पल घालून बघत होती. तिशीच्या पुढची, सावळी, आपल्याकडच्याच चेहऱ्याची. पण दुकानदाराशी खुणेनं आणि कसल्याशा इंग्रजीत बोलत होती. बरोबर एक गोरा माणूस होता.

आई थांबली. "ही आपल्यातली दिसती. पण बोलती सायबावाणी."

"असतील कोणीतरी. चल."

आईनं माझं ऐकलं नाही. सरळ जाऊन त्या बाईच्या समोर उभी राहिली. "काय गं बाई, नाव काय तुझं?"

बाईला कळलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत विचारलं. ती हसून म्हणाली, "मीरा."

"मीरा," आई म्हणाली. मग थोडं थांबली. "आधीपासनं मीराच काय?"

हे मी विचारलं नाही. मला ते इंग्रजीत येत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, आई म्हणतेय, नाव छान आहे. ती बाई परत हसली आणि तिनं आईला पाय पुढं करून दाखवला, चप्पल बरोबर बसतेय का विचारत. आई तिच्यापुढं वाकली, अंगठ्याजवळचा पट्टा दाबून बघितला आणि मराठीतच म्हणाली, "आधी चावंल. तेल लाव, घालत राहा. मग बसंल." तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं मान हलवली. तिच्या नवऱ्यानं दोघींचा फोटो काढला.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "सिस्टरला सांगू नगंस हं. उगं तिच्या जिवाला लागंल."

"नाही सांगत. पण तुझ्या चपला राहिल्या की."

"राहू देत," ती स्कूटरवर बसत म्हणाली. माझा खांदा धरला. "पुढच्या रविवारी येऊ परत. रविवारी बाहेरची माणसं लई येत्यात हितं."